चुलत भाऊ टाकून देऊ का?

माझ्या वकिलीच्या ऑफिसात मास्तरांच्या मृत्युपत्राचा कच्चा मसुदा टाइप होत होता. लाभार्थ्याचं नाव झालं, वय झालं, पत्ताही झाला; तो मृत्युपत्र करणाऱ्याचाच होता. मग टायपिस्टची बोटं थांबली. "नातं काय टाकू?" मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी घड्याळवाल्यांकडे. घड्याळवाले भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या गजानन महाराजांकडे बघत बसले होते. आमचा टायपिस्ट पंचविशीतला पोरगा, कामाला चोख आणि मनानं चांगला. त्याला ती शांतता सहन होईना, म्हणून त्यानंच तोडगा काढला. "मॅडम, चुलत भाऊ टाकून देऊ का? सोपं जाईन." मास्तर घाईघाईनं म्हणाले, "हो हो, तेच टाका. सगळीकडं तेच आहे."

मी काम तिथंच थांबवलं आणि त्यांना आठ दिवसांनी यायला सांगितलं.

ओळख पटू नये म्हणून दोघांचे उद्योग मी इथं बदलले आहेत. मास्तर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक समजा आणि दुसऱ्यांचं नागपूरच्या इतवारीत घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान. दोघंही साठी ओलांडलेले. तिशीत असताना एका खोलीत भाड्यानं राहू लागले, पुढं मास्तरांनी कर्ज काढून फ्लॅट घेतला आणि घड्याळवाले त्यांच्यासोबत तिथं आले. तेव्हापासून गॅसच्या पुस्तकापासून वर्गणीच्या पावतीपर्यंत ते एकमेकांचे चुलत भाऊ आहेत. गंमत अशी, की दोघांची आडनावं वेगळी. चुलत भावांचं आडनाव वेगळं कसं, हा प्रश्न तीस वर्षांत एकाही शेजाऱ्याला पडला नाही. मामेभाऊ म्हटलं असतं तर निदान जमलं तरी असतं. आपल्या वऱ्हाड-नागपूरकडं चौकशा करण्यात कोणी मागं नाही. पगार किती, मुलीचं कुठं जुळतंय का, गुडघ्याचं ऑपरेशन कोणाकडं केलं, सगळं पायरीवर उभं राहून विचारतात. तेच लोक इथं मात्र अजिबात विचारत नाहीत. म्हणजे त्यांना ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणूनच विचारत नाहीत. गणपतीच्या प्रसादाचं ताट दोघांच्या नावानं जातं, लग्नाची पत्रिका दोघांच्या नावानं येते. या न विचारण्यात माया आहे, हे मी नाकारत नाही. पण ती माया दोघं जिवंत आणि धडधाकट असेतोवरच पुरते.

हे मी लहानपणीच पाहिलं होतं, फक्त तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता. नागपूरच्या महाल भागात आमचा वाडा होता. माडीवरच्या दोन खोल्यांत दोघी राहायच्या, एक नर्स आणि एक बालवाडीच्या बाई. माझी आजी हळदीकुंकवाचं बोलावणं दोघींना द्यायची, वाण मात्र देत नसे, कारण दोघी 'तशाच', म्हणजे बिनलग्नाच्या. सगळ्या वाड्याची शिवण बाई करायच्या. त्यांचं पायाचं मशिन खिडकीशी होतं आणि दुपारच्या झोपेत त्याचा आवाज वरून यायचा. नर्सबाई अचानक गेल्या. दिवस संपायच्या आत त्यांचे दोन भाऊ वर्ध्याहून आले. तोवर त्यांना कोणी पाहिलंही नव्हतं. रडले, जेवले आणि सामान बांधायला लागले. भाडेपावती नर्सबाईंच्या नावावर, गॅसही त्यांच्याच नावावर. शिलाई मशिन बाईंनी स्वतःच्या पैशानं घेतलं होतं, पण पावती कोण जपून ठेवतं? ते खाली उतरवताना त्याचं चाक जिन्याच्या कठड्याला घासलं, तो ओरखडा वाडा पाडेपर्यंत तिथं होता. बाईंनी एक पत्र्याची पेटी घेतली. आजीनं त्यांना महिनाभर मागच्या खोलीत ठेवून घेतलं, दोन वेळ जेवायला घातलं. मी विचारलं, ते मशिन तर बाईंचं होतं ना? आजी म्हणाली, "तिचं काय होतं तिथं?" आजी कठोर नव्हती. नियम तसाच होता आणि तिला तो पाठ होता.

वकिली करायला लागल्यावर तोच नियम कलमांच्या भाषेत समोर आला. माझ्या कामाचा बराच भाग नोंदणी विवाहांचा. १९५४ चा विशेष विवाह कायदा मला जवळजवळ तोंडपाठ आहे. दोघांपैकी एकानं तरी त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. वयाचे आणि पत्त्याचे पुरावे द्यायचे, नोटीस कार्यालयात लागते, आक्षेपासाठी ३० दिवस थांबायचं. मग नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदार घेऊन विवाह अधिकाऱ्यासमोर उभं राहायचं आणि एकमेकांना म्हणायचं, मी अमुक, तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो. वाक्य आपल्याला समजणाऱ्या भाषेत म्हटलं तरी चालतं. ही पोरं ते कधी पुटपुटतात, कधी हसू दाबत म्हणतात. ती नोटीस लागण्याची धास्ती मी कितीतरी आंतरधर्मीय जोडप्यांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. भिंतीवरचा तो कागद गावातल्या कोणा काकापर्यंत पोचतो आणि मग घरून फोन सुरू होतात. तरी एकदा सह्या झाल्या, की एका प्रमाणपत्रावर वारसा, पेन्शन, विमा, दवाखाना, दत्तक, पोटगी सगळं आपोआप चालून येतं. एकही अर्ज वेगळा करावा लागत नाही. बहुतेकांना आपल्याला काय काय मिळालं हेही माहीत नसतं. माझ्या स्वतःच्या लग्नात मलाही नव्हतं.

या कायद्याचं चौथं कलम सुरू होतं 'कोणत्याही दोन व्यक्तीं'पासून. पण खाली वयाच्या अटीत पुरुष २१ आणि स्त्री १८ असं येतं आणि दार बंद होतं. ते उघडावं म्हणून समलिंगी जोडपी सर्वोच्च न्यायालयात गेली. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं निकाल दिला. घटस्थापनेला दोन दिवस झाले होते, बार रूममध्ये निम्म्या बायकांचा उपास आणि एका मोबाइलभोवती आम्ही सात-आठजणी. विवाह हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही एकमत होते. ट्रान्सजेंडर व्यक्तीचं नातं स्त्री-पुरुषाचं असेल तर तिला आहे त्या कायद्यानं लग्न करता येतं, यावरही पाचही एकमत. वाटा फुटल्या त्या पुढं. लग्न नाही तर नाही, पण अशा जोडप्याच्या सहजीवनाला सरकारनं मान्यता द्यायला हवी, असं सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांचं म्हणणं. न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंह यांना ते मान्य नव्हतं, हे काम कायदेमंडळाचं. तीन विरुद्ध दोन. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या.

खरं सांगू? विशेष विवाह कायद्यापुरता युक्तिवाद मला वकील म्हणून पटला होता. तो कायदा वारशाच्या आणि दत्तकाच्या इतक्या कायद्यांशी विणलेला आहे, की एक टाका उसवला तर गळा कुठं येईल आणि बाही कुठं जाईल सांगता येत नाही. पण नुसत्या नोंदणीकृत सहजीवनालाही नाही म्हटल्यावर मला वाड्यातल्या बाई आठवल्या. शेजारी उभ्या असलेल्या एका ज्येष्ठ मॅडम म्हणाल्या, "जाऊ दे गं, राहायला कोणी अडवतंय का त्यांना? २०१८ लाच गुन्हा नाही म्हणून सांगितलं की." तेही खरंच होतं. ६ सप्टेंबर २०१८ पासून दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं प्रेम गुन्हा उरलं नव्हतं. पुढं २०२१ संपता संपता आपल्याच नागपुरात दोन डॉक्टर मुलींनी नातेवाइकांसमोर एकमेकींना अंगठ्या घातल्या, ते फोटो देशभर फिरले, आभाळ काही कोसळलं नाही. राहायला अडचण नाहीच. अडचण येते मरायला, आजारी पडायला आणि वेगळं व्हायला.

वेगळं होण्याचं कोणी बोलतच नाही. माझ्याकडं एकदा एक मुलगी आली होती. दोघींनी मिळून मनीष नगरात फ्लॅट घेतला, कर्ज एकीच्या नावावर, हप्त्याचे निम्मे पैसे दुसरी दर महिन्याला पाठवायची. पाच वर्षांनी बिनसलं. जिचं नाव खरेदीखतावर नव्हतं, ती माझ्यासमोर बँकेची विवरणपत्रं घेऊन बसली होती. नवरा-बायको असते तर कुटुंब न्यायालय होतं, पोटगीचा अर्ज होता, समुपदेशक होता, झालंच तर दोन्हीकडचे मामा होते. इथं मी तिला काय सांगणार? पैसे वसुलीचा दिवाणी दावा. म्हणजे जिच्यासोबत संसार केला तिला उसनवारीची कर्जदार म्हणून उभं करायचं. तिनं विचार करते म्हणून सांगितलं आणि परत आली नाही.

माझ्या नणंदेचा मुलगा लीड्सला असतो. त्यानं आणि त्याच्या जोडीदारानं तिथं 'सिव्हिल पार्टनरशिप' केली, म्हणजे लग्नाऐवजी सहजीवनाची नोंदणी. इंग्लंडात २००४ साली हा कायदा झाला आणि डिसेंबर २००५ पासून नोंदी सुरू झाल्या. २०१४ पासून समलिंगी जोडप्यांना सरळ लग्नही करता येतं, पण या पोराला लग्नाचा थाटच नको होता. २०१९ च्या शेवटच्या दिवसापासून तिथं स्त्री-पुरुष जोडप्यांनाही हा मार्ग खुला झाला आहे, म्हणजे अशी माणसं तिकडंही पुष्कळ निघाली. मला पद्धत जाणून घ्यायची भारी उत्सुकता. फोनवर त्याला उलटतपासणीसारखं विचारलं. आधी त्या भागात किमान सात दिवस राहिलेलं असायला हवं, दोघांनी प्रत्यक्ष जाऊन नोटीस द्यायची, ती तिथंही सगळ्यांना दिसेल अशी लावतात. पूर्ण २८ दिवस थांबायचं. बाहेरदेशी नागरिक असेल तर ही मुदत ७० दिवसांपर्यंत वाढू शकते. मग निबंधक आणि दोन साक्षीदारांसमोर कागदावर सह्या. "आणि म्हणायचं काय?" मी विचारलं. काही नाही, मामी, तो म्हणाला. तिथं लग्न ठरावीक शब्द उच्चारल्यावर होतं, पण ही भागीदारी नुसत्या सहीनं पूर्ण होते. बोलायचं असेल तर बोला, सक्ती नाही. त्या सहीवर जोडीदाराच्या मालमत्तेवरचा वारसाकर माफ, पेन्शनमध्ये हक्क, भाड्याच्या घरात राहण्याचा हक्क. मोडायची असेल तर वर्षभर थांबून न्यायालयात जायचं, म्हणजे मोडण्यालाही रीत आहे. नणंदेनं त्या दिवसाचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि दोनेक मिनिटांत 'डिलीट फॉर एव्हरीवन' केला. तोवर माझा पाहून झाला होता. दोघांनी सारख्या निळ्या रंगाचे कोट घातले होते आणि आमच्या पोराच्या कपाळाला कुंकू होतं. ते त्याला तिथं कोणी लावलं, हे मी अजून विचारलेलं नाही. घ्या, म्हणजे मीही न विचारणाऱ्यांतलीच. तो नागपूरला उतरला, की त्या कागदाला इथं काडीची किंमत नाही, आणि त्याच्या आईच्या तोंडी जोडीदार 'रूमपार्टनर' होतो.

मास्तरांना तेवढी एक सही देण्याची सोय माझ्याकडं नव्हती. म्हणून आठ दिवसांनी दोघं आले तेव्हा मी तुकडे मांडले. घड्याळवाल्यांनी विचारलं, "एकाच स्टॅम्प पेपरवर सगळं लिहून नाही होत का? पाचशेचा घेऊन टाकू." करार होतो हो काका, पण तो तुम्हा दोघांनाच बांधतो. पुण्याचा पुतण्या, बँक, दवाखाना, यांच्यावर त्याचा अंमल चालत नाही. पुतण्या मुळीच वाईट नाही, दिवाळीला न चुकता फोन करतो. पण मास्तरांचे आई-वडील गेले, भाऊ गेला, आणि हिंदू वारसा कायद्यात वारसांच्या रांगेत पुतण्याला जागा आहे, सोबत राहणाऱ्याला नाही.

फ्लॅटचं बक्षीसपत्र करू का, हा मास्तरांचा पहिला प्रश्न. महाराष्ट्रात नवऱ्यानं बायकोला राहतं घर बक्षीस दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये. मुलाला, नातवाला दिलं तरी तेवढंच. सख्ख्या भावाला दिलं तर तीन टक्के. घड्याळवाल्यांना दिलं तर विक्रीखतासारखं पुरतं शुल्क, आणि वर आयकर. कारण ५० हजारांवरची भेट नातेवाइकाकडून नसेल तर ते घेणाऱ्याचं उत्पन्न धरतात. पती-पत्नीला ती सूट आणि आपल्याला का नाही, म्हणून एका जोडप्यानं २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आहे. आणि गंमत पाहा, चुलत भाऊ या २०० रुपयांच्या यादीत नाहीच, तीन टक्क्यांच्याही यादीत नाही. इतकी वर्षं ज्या खोट्याच्या आडोशाला राहिले, ते खोटं मुद्रांकाला एका पैशाच्याही कामाचं नव्हतं. हे ऐकून घड्याळवाले एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

म्हणून मृत्युपत्र. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, पण आम्ही नोंदणी करायची ठरवली. दोन साक्षीदार, डॉक्टरचं प्रमाणपत्र. विम्याचं वेगळंच. नॉमिनी म्हणून घड्याळवाल्यांचं नाव होतं, पण आई-वडील, नवरा-बायको आणि मुलं सोडून दुसरा नॉमिनी पैसे उचलतो फक्त, मालक होतोच असं नाही. म्हणून तेही मृत्युपत्रात घातलं. बँकेचं सोपं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं, की समलिंगी जोडीदाराला संयुक्त खातं उघडायला आणि नॉमिनी व्हायला कुठलीच आडकाठी नाही. तशी ती आधीही नव्हती. कोणाही दोघांचं खातं निघतंच. तरी काउंटरवरच्या माणसाला दाखवायला कागद बरा. त्याच सुमारास रेशनकार्डासाठी अशा जोडप्याला एक कुटुंब धरा असं राज्यांना कळवलं गेलं आणि जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात द्या असं आरोग्य खात्यानंही. घड्याळवाले म्हणाले, "म्हंजे मेल्यावर मास्तर माझे." मास्तरांनी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं.

दवाखान्याच्या विषयावर मात्र दोघं एकदम गंभीर झाले. मास्तरांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी रात्री अकराला सही घड्याळवाल्यांनीच केली होती, भाऊ म्हणून. सही करताना हात कापत होता, तो ऑपरेशनच्या भीतीनं नव्हे, कोणी आधार कार्ड मागेल या भीतीनं. मी त्यांना दोन कागद सांगितले. एक, जगण्याच्या शेवटी कोणते उपचार हवेत-नकोत याचं आगाऊ लिहून ठेवलेलं पत्र. २०१८ ला न्यायालयानं त्याला मान्यता दिली आणि २०२३ पासून ते नोटरीपुढंही होतं. दुसरा कागद मला फार आवडतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कोणीही सज्ञान माणूस आपला प्रतिनिधी म्हणून कुणालाही नेमू शकतो, तेही साध्या कागदावर, सहीनं किंवा अंगठ्यानं. नात्याची अटच नाही. म्हणजे आपल्या संसदेला हे लिहिता येतं.

राहिली ती मसुद्यातली जागा. कायद्यानं तिथं नातं लिहावंच लागतं असं नाही. नाव, वय, पत्ता यांवरून माणूस ओळखू आला की पुरे. उलट खोटं नातं लिहिलं तर उद्या भांडणात समोरच्या वकिलाला आयतं हत्यार. मी ती ओळ काढून टाकली आणि मास्तरांना म्हटलं, तुम्ही यांना का देताय ते तुमच्या शब्दांत सांगा. मास्तर बराच वेळ गप्प. मग शाळेत फळ्यावर लिहून द्यावं तसं एकेक वाक्य सांगत गेले. हे माझ्यासोबत माझ्या घरात राहतात. माझ्या आईचं शेवटचं आजारपण यांनी काढलं. कर्जाचे हप्ते थकले तेव्हा यांनी दुकानातली दोन जुनी भिंतीवरची घड्याळं विकली. मधेच घड्याळवाले म्हणाले, "दोन नाही, तीन. आन् त्यातलं एक जर्मन होतं." टायपिस्टनं दोन खोडून तीन केलं.

मग पेन्शनचा विषय निघाला, आणि तिथं मात्र माझ्याकडं तुकडासुद्धा नव्हता. मास्तरांनंतर कुटुंब निवृत्तिवेतन त्यांच्या पत्नीला मिळालं असतं. घड्याळवाल्यांना मिळेल असा कोणताही कागद या देशात आज लिहिता येत नाही. मृत्युपत्रानं मालमत्ता देता येते, पेन्शन नाही. मोबाइल हातात आल्यापासून दुकानात घड्याळं येत नाहीत, सेल बदलायला तेवढी माणसं येतात, हे घड्याळवाल्यांनी आधीच सांगितलं होतं. ते हिशेब करत बसले. वीजबिल, बीपीच्या गोळ्या, मेंटेनन्स. मग कागद गोळा करून पिशवीत भरत म्हणाले, "मंग त मास्तरले शंभर वर्सं जगवाच लागते. उद्यापासून तर्रीपोहे बंद." मास्तर म्हणाले, पोहे बंद करायचे असतील तर मृत्युपत्र आताच फाडतो. टायपिस्टनं प्रिंटरला कागद लावला आणि मी साक्षीदारांना फोन करायला घेतले.